त्याचं गाणं माझ्या तोंडी

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी नाशिकमध्ये एका ऑर्केस्ट्रात गायचे. गणपती, नवरात्र, लग्नं, वणीची चैत्रातली यात्रा, कळवणकडची गावं, जिथून बोलावणं येईल तिथे टेम्पोत सामान टाकून आम्ही जायचो. मालकांचा मूळ धंदा मंडपाचा. त्यांच्याच गोडाऊनमध्ये, गुंडाळून ठेवलेल्या कनातींच्या शेजारी आमची प्रॅक्टिस चालायची. बायकांच्या आवाजातली सगळी गाणी माझ्याकडे होती. माझे वडील गंगापूर रोडच्या पुढे झेंडू आणि शेवंती लावायचे. आमच्या घरातली कोणी मुलगी त्याआधी स्टेजवर उभी राहिली नव्हती. वडिलांनी हो म्हटलं ते एका अटीवर. मला घरी आणून सोडणारा माणूस कायम एकच असला पाहिजे, आणि तो त्यांनी पारखलेला असला पाहिजे.

त्यांनी पारखला तो आमचा गायक. माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठा, किडकिडीत, आवाज मात्र भरदार. सातपूरला एका कारखान्यात शिकाऊ म्हणून लागला होता. त्याचे वडील तिथेच फोरमन होते. आडनावाच्या शेवटी 'कर' होतं, त्यामुळे मालकांना तो कोकणातलाच कोणीतरी वाटला. तसा तो कोकणातलाच होता. पण एका शुक्रवारी संध्याकाळी तो प्रॅक्टिसला उशिरा आला आणि म्हणाला, "आई दिवे लावते शुक्रवारी. त्याआधी निघता येत नाही."

"कसले दिवे?" मालकांनी विचारलं.

"आम्ही ज्यू आहोत."

"म्हणजे ख्रिश्चनच ना?"

"नाही."

"मग मुसलमान?"

"नाही."

मालकांनी थोडा विचार केला. "बरं. गातोस चांगला," म्हणाले आणि विषय संपला.

त्याच्या घरी मी पुष्कळदा गेले. त्याची आई माझ्या आईसारखीच नऊवारीतून पाचवारीत आलेली, गळ्यात काळी पोत, तोंडात कोकणातलं जुनं मराठी. दाराच्या चौकटीला एक लहानशी डबी ठोकलेली होती. येता-जाता सगळे तिला बोटं लावून ओठाला न्यायचे. नवस फेडायचा असला की काकू पोहे भिजवून त्यात नारळ, गूळ आणि फळं घालून मलिदा करायच्या, आणि माझा वाटा न चुकता काढून ठेवायच्या. वडील कमी बोलायचे. मुलाचं गाणं त्यांना आवडायचं, पण ते कधी म्हणायचे नाहीत. तो रियाझाला बसला की रेडिओ मात्र बंद करायचे.

तो स्वतः गाणी रचायचा. लिहायचा नाही. चालता चालता जुळवायचा आणि तोंडीच शिकवायचा. एकदा प्रॅक्टिसला त्याने नवं गाणं म्हणून दाखवलं. चाल धरायला सोपी, शब्द घरगुती. दार उघडं होतं, तू आलास, असं काहीसं सुरुवातीला होतं. मालकांनी हात वर करून थांबवलं.

"आलास काय? आलीस म्हण."

"आलासच आहे ते."

"मग बाईचं गाणं झालं. तिला दे." त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "दिलं."

ते गाणं मी म्हणायला लागले आणि ते चाललं. गावोगावी पुढच्या रांगेतून फर्माईश यायची. त्यानंतर त्याने तशी आणखी केली. सगळी 'तू आलास', 'तू म्हणालास', 'तू गेलास' अशी. सगळी माझ्याकडे आली. मला ती शिकवताना तो फार कडक असायचा. "'गेलास'वर थांबू नकोस," म्हणायचा. "थांबलीस की रडगाणं होतं. माणूस गेला तरी ठेका चालूच असतो ना, तसं पुढे जा." मी गायचे तेव्हा तो विंगेत उभा राहून ओठ हलवत असायचा.

साहजिकच लोक बोलायला लागले. मुलगी माळ्याची, मुलगा कुठल्या जातीचा तेच धड कळत नाही, आणि रोज एका स्कूटरवर येतात. आईच्या कानावर गेलं. तिने मला दोन दिवस काही विचारलं नाही, नुसती भांडी आपटली. त्याच आठवड्यात कळवणला एक कार्यक्रम झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही एसटी स्टँडवर बसलो होतो. टेम्पो नादुरुस्त झाला होता. मी त्याला सांगितलं की लोक आपल्याबद्दल असं असं म्हणतात.

"तुला त्रास होतो?"

"आईला होतो."

त्याने समोरच्या केळीच्या गाडीकडे बघितलं. मग अगदी साध्या आवाजात म्हणाला, "ती गाणी मी ज्याच्यासाठी करतो ना, तो तिकडे केळी घेतोय."

मी बघितलं. गाडीपाशी आमचा ढोलकीवाला उभा होता. त्याच भागातला, कळवणपासून पुढे डोंगराकडे त्याचं गाव. सातपूरला मशीनवर कामाला होता आणि चुलतभावांबरोबर खोली घेऊन राहायचा. लाजाळू माणूस. केळीवाल्याशी घासाघीस करून शेवटी त्याचंच ऐकणारा.

या गोष्टीला माझ्याकडे शब्द नव्हता. जे शब्द मी ऐकले होते त्या सगळ्या शिव्या होत्या, आणि समोर बसलेल्या माणसाला त्यातली एकही लागू होत नव्हती.

"त्याला माहीत आहे?" मी विचारलं.

"सगळ्यांच्या आधी कळलं त्याला. मालक 'आलीस म्हण' म्हणाले तेव्हा त्याचा हात चुकला होता. तुम्ही कोणी लक्ष दिलं नाही."

ढोलकीवाला केळी घेऊन आला. पहिलं माझ्यापुढे धरलं. आम्ही तिघांनी ती खाल्ली आणि बस आली.

पुढचं एक वर्ष बरं गेलं. मग एके दिवशी कारखान्यात मशीन बंद पडलं म्हणून ढोलकीवाल्याचा चुलतभाऊ भरदुपारी खोलीवर परतला, आणि हे दोघं तिथे होते. तेव्हा त्याने काही केलं नाही. दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटताना, कारखान्यासमोरच्या बसथांब्यावर, त्या भावाने आणि आणखी दोघांनी आमच्या गायकाला गाठलं. त्यांनी खरं कारण सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर घराण्याची लाज गेली असती. त्यांनी ओरडून सांगितलं की याने आमच्या बहिणीची छेड काढली. मग बसची वाट बघणारे, सायकलवरून चाललेले, ज्यांची याच्याशी ओळखही नव्हती, तेही उतरून मारायला लागले.

त्याचे समोरचे दात गेले. जबडा तारेने बांधला. मी काकूंसोबत हॉस्पिटलमध्ये बसले होते. वडील खिडकीपाशी पाठमोरे उभे होते. खरं कारण तोपर्यंत त्यांना कळलं होतं. कारखान्यात अशी गोष्ट शिफ्ट संपायच्या आत सगळीकडे जाते. बऱ्याच वेळाने ते वळले आणि मुलाला म्हणाले, "दोन हजार वर्षं आपण या मुलखात आहोत. ज्यू म्हणून आपल्या अंगाला कोणी बोट लावलं नाही. तू लावून घेतलंस."

त्याला बोलता येत नव्हतं. काकूंनी पदर तोंडात धरला होता.

ढोलकीवाल्याला त्याच दिवशी गावी नेलं होतं. त्या उन्हाळ्यात त्याचं लग्न लागल्याचं आम्हाला मालकांकडून कळलं. मालकांनी नवा ढोलकीवाला आणला, नवा गायकही आणला. मी थोडे दिवस गेले, मग बंद केलं.

त्याच्या घरच्यांचं इस्राएलला जाण्याचं कितीतरी वर्षं नुसतं बोलणं चाललं होतं. काकूंचा भाऊ तिकडे होता, पण काकूंना जायचं नव्हतं. आता वडिलांनी झपाट्याने सगळं उरकलं. निघायच्या आधी काकू आमच्या मळ्यावर आल्या. आईने त्यांना शेवंती दिली. बांधावर बसून त्या आईला म्हणाल्या, "आपली माणसं आहेत म्हणे तिथे पुष्कळ. पण तुझ्यासारखं भांडायला कोण मिळणार मला?" आईला हसू आलं आणि मग दोघी रडल्या.

माझं लग्न झालं. मी शाळेत संगीत शिकवायला लागले. कितीतरी दिवस त्याचं काही कळलं नाही. मग एका रविवारी शेजारच्या घरी माझ्यासाठी फोन आला.

"ओळखलंस का?" तो म्हणाला. 'स' म्हणताना त्याच्या नव्या दातांतून बारीक शीळ वाजत होती.

त्याची हकिकत मला अशी तुकड्यातुकड्यांनी फोनवरच कळत गेली. दक्षिणेकडच्या वाळवंटातल्या एका गावात त्यांना घर मिळालं होतं. तो पॅकिंगच्या कारखान्यात लागला. आपल्याकडून गेलेल्या लोकांच्या लग्नांत हिंदी गाणी म्हणायला लागला. त्यांच्यात त्याचं नाव झालं. मग हिब्रू यायला लागली तशी तो मोठ्या शहरात गेला, हॉटेलात भांडी घासली, त्याच हॉटेलात गिटार घेऊन गायला लागला. आता गाणी त्या भाषेत रचत होता. एका माणसाने त्याची पहिली कॅसेट काढली.

"तिथेही तेच झालं," तो म्हणाला. "त्यांच्या भाषेतही आपल्यासारखंच आहे. 'तू' म्हटलं की कळतंच समोर बाई आहे की पुरुष. तो माणूस म्हणाला, सगळे 'तू' बाईचे कर. मी केले."

"आणि?"

"बरी चालली. मला ऐकवत नाही ती."

दुसऱ्या कॅसेटला त्याने 'तू' बदलले नाहीत. रेडिओवर मुलाखत घेणाऱ्या बाईने त्याला सरळ विचारलं, ही गाणी पुरुषाला उद्देशून आहेत का. तो हो म्हणाला. ती म्हणाली, म्हणजे तुम्ही? तो पुन्हा हो म्हणाला. एवढंच झालं. त्या शहरात त्याचं फार काही बिघडलं नाही, उलट गाणी जास्त वाजायला लागली. तरुण मुलं येऊन हात धरायची, म्हणायची, तुमच्यामुळे मी घरी सांगू शकलो. पण तिकडे वाळवंटातल्या त्या गावात, शनिवारी प्रार्थनेला त्याचे वडील गेले तेव्हा त्यांच्या शेजारची जागा रिकामी राहिली. पुढच्या शनिवारी वडील गेले नाहीत. आपल्या लोकांच्या लग्नांची बोलावणी थांबली. वडिलांनी घरात सांगितलं की त्याचं नाव या दारात निघायला नको. ज्या मुलाने इतरांना घरी सांगायला बळ दिलं, त्याचं स्वतःचं घर बंद झालं.

तोपर्यंत आमच्या घरी फोन बसला होता. त्यावर आता काकूंचे फोन यायला लागले. पहिल्यांदा मला वाटलं चुकून लागला.

"कशी आहेस बाळा? पाऊस आहे का तिकडे?" असं इकडचं तिकडचं झालं, आणि मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "तुला करतो ना तो फोन? जेवतो का गं नीट?"

त्या घरापासून तो बसने दीड-दोन तासांवर राहत होता. नवऱ्याने शपथ घातली होती, म्हणून त्या मुलाशी बोलत नव्हत्या. माझ्याशी बोलू नको असं कोणी म्हटलं नव्हतं. मग मुलाची खुशाली त्या नाशिकहून घ्यायच्या. त्याला खोकला झाला की तो मला सांगायचा, मी काकूंना सांगायचे, काकू मला ज्येष्ठमधाचा काढा सांगायच्या, मी तो त्याला सांगायचे. त्यालाही ठाऊक होतं, त्यांनाही ठाऊक होतं. माझा नवरा म्हणायचा, "तू काय टेलिफोन एक्स्चेंज उघडलंयस का?" पण फोन आला की टीव्हीचा आवाज तोच कमी करायचा.

दोन हजार सालानंतर काही वर्षांनी तो नाशिकला आला. केस मागे गेले होते, कपडे चांगले होते. इथल्या एका संगीत मंडळाला कळलं की आपल्या गावचा मुलगा परदेशात गायक झालाय. त्यांनी सत्कार आणि गाणं ठरवलं. त्याने त्यासाठी जुनी मराठी गाणी पुन्हा बसवायला घेतली. माझ्या घरी पेटी काढून आम्ही बसलो, आणि पहिल्यांदाच ती त्याने स्वतःच्या तोंडून म्हटली. मंडळातल्या कोणाच्या तरी मुलाने सायबर कॅफेत त्याचं नाव टाकून बघितलं. दुसऱ्या दिवशी दोन गृहस्थ आले. सोफ्याच्या अगदी काठावर बसले.

"हॉलचं रंगकाम निघालंय अचानक," त्यांतले मोठे म्हणाले.

"किती दिवस चालेल?" त्याने विचारलं.

"तसं सांगता येत नाही."

त्यांना चहा दिला. कप तसेच ठेवून ते गेले. त्याने पेटीचा भाता बंद केला. मग म्हणाला, "मला कळवणला जायचंय. येशील?"

ढोलकीवाल्याचं पुढे काय झालं ते मला माहीत नव्हतं. आम्ही एसटीने गेलो, तिथून जीपने. गावात विचारत विचारत घर सापडलं. दारात एक बाई कांदे निवडत बसली होती. माझ्याच वयाची, पण दिसायला मोठी. मी नाव घेऊन विचारलं, आहेत का घरी.

"ते नाय आता," ती म्हणाली. "दोन साल झाले. दारू लय झाली व्हती."

तो उभाच राहिला. तिने त्याच्याकडे वर पाहिलं, नीट पाहिलं.

"तुमी गाणारे ना?"

त्याने मान हलवली.

"मंग बसा."

तिने आतून बाज काढली, मुलीला पाणी आणायला सांगितलं. मुलगी बारा-तेरा वर्षांची, बापासारखीच खाली बघणारी. पाणी देऊन ती आत गेली. बाई पुन्हा कांद्यांशी बसली.

"लगीन झालं तवाच कळलं मला," ती म्हणाली. "बोलले नाय कधी. मारलं बी नाय कधी. पन मानूस घरात नसला का कळतं. मंग प्यायला लागले तवा एकदा सांगितलं, एक गाणारा व्हता म्हून."

"मला माफ करा," तो म्हणाला.

"कशापायी? तुमी काय केलं?" तिच्या आवाजात राग नव्हता. "ज्यांनी लगीन लावलं ते जेवून गेले. परत कोनी इचारलं नाय, बाई तुझं कसं चाललंय. तुमीच पयले आले."

तिने चहा केला. कप हातात दिल्यावर त्याला विचारलं, "तिकडं काय करता?"

"गातो."

"लोकं आयकत्यात?"

"ऐकतात."

"त्यांना ठावं हे? तुमचं?"

"हो. ठाऊक आहे."

तिने सुरीने एका कांद्याची पात कापली, कांदा ढिगात टाकला.

"मंग ह्यांना बी तिकडं न्यायचं व्हतं," ती म्हणाली.

त्याने चहा संपवला. निघताना त्याने मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि पटकन काढून घेतला. नाशिक येईपर्यंत तो खिडकीबाहेर बघत होता. एकदाच म्हणाला, "मी बोलावलं होतं त्याला. तेव्हा, निघायच्या आधी. निरोप पोचला होता की नाही ते आता कोणाला विचारायचं?"

तो परत गेला. त्यानंतर त्याची गाणी कमी झाली. तिकडेही नवी मुलं आली होती, ती आपलं सगळं पहिल्याच मुलाखतीत सांगून टाकत होती आणि त्याचं कोणाला काही वाटत नव्हतं. तो म्हणायचा, "चांगलंच आहे. पण माझ्याकडे दुसरं काही नवीन नाही." एका शाळेत मुलांना गिटार शिकवायला लागला. कोणीतरी बरोबर राहायला आलं होतं, शांत माणूस आहे म्हणाला. मी ते काकूंना सांगितलं. त्यांनी विचारलं, "त्याला आपलं जेवण आवडतं का?" मी म्हटलं, विचारून सांगते.

ते सांगायचं राहिलं. काकूंचा फोन त्यानंतर आला नाही. आला तो त्याचा. काकू गेल्या होत्या. त्यांच्यात दुसऱ्या दिवशीच मातीत ठेवतात, मामाने कळवलं म्हणून तो पोचू शकला. त्याने सांगितलं की गावातले सगळे आले होते, त्याला पाहून बाजूला झाले, पण कोणी जा म्हणालं नाही. वडील कबरीच्या पलीकडच्या बाजूला उभे होते. खूप वाकले होते. प्रार्थना मुलाने म्हणायची असते. वडिलांनी काही खूण केली नाही, नाहीही म्हटलं नाही. मग त्याने म्हटली.

"संपल्यावर माझ्याजवळून जाताना थांबले," तो म्हणाला. "इतक्या वर्षांनी पहिल्यांदा बोलले. मराठीत."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, आवाज बसलाय तुझा."



"मग?" मी विचारलं.

"मग काही नाही. मामाने दार उघडलं, ते गाडीत बसले."